बेचाळिसावं नाव

आप्पा,

तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. आपण एकमेकांना कधी पत्र लिहिलंच नाही. कुर्डुवाडीला शाळेत नोकरी लागल्यावर मी कार्ड टाकायची ते आईच्या नावानं, आणि तुम्ही ते आधी शुद्धलेखनासाठी वाचायचात, मग मजकुरासाठी. आज लिहायला बसले त्याचं कारण गेल्या महिन्यात घडलं. आपल्या शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, एका लग्नाला गेले होते. जेवायला बसले तर शेजारच्या खुर्चीवर ती. सिस्टरांच्या शाळेत चौथीपर्यंत माझ्या बाकावर बसायची ती, तेलुगू घरातली. केस सगळे पांढरे झालेत, पण तिनं मला आधी ओळखलं. दोन सुना, बारावीला बसलेला नातू, गुडघ्याचं दुखणं, सगळं सांगून झालं आणि मग तिनं विचारलं, तुझे वडील कसे आहेत? तुम्ही गेल्याचं सांगितलं तेव्हा तिचा हात ताटावरच थांबला. म्हणाली, "देवमाणूस होते. माझं नाव त्यांनी आपणहून छापलं होतं." मी "हो" म्हटलं. तो "हो" मला महिनाभर झोंबतोय.

ते नाव छापलं गेलं तो दुष्काळाचा उन्हाळा होता. शाळेच्या विहिरीत पाणी नव्हतं, तोंड धुवायलासुद्धा घरून तांब्या भरून आणायचा असा सिस्टरांचा नियम झाला होता, आणि मधल्या सुट्टीत भुकटीचं दूध मिळायचं, ते मला कधी आवडलं नाही. दर एप्रिलमध्ये शाळेचा शेवटचा दिवस म्हणजे बक्षिसांचा दिवस. त्या दिवशी पालकांना आठ पानांचा वार्षिक वृत्तांत वाटायचे. तुम्ही कामाला होतात त्याच छापखान्यात तो छापला जायचा आणि त्याची अक्षरं तुम्हीच जुळवायचात. लग्नपत्रिका, हँडबिलं, बाजार समितीचे फॉर्म, बाकी कामं कुणीही करायचं. पण सिस्टरांचा वृत्तांत आला की मालक तो तुमच्यापुढं ठेवायचे. आपल्या घरात गळ्यात लिंग बांधायची रीत, आणि तुम्ही "प्रथम ख्रिस्तप्रसाद" हा ख्रिस्ती मुलांच्या विधीचा शब्द इतका जपून जुळवायचात की त्याचा अर्थ मला दोनदा विचारला होतात.

संध्याकाळी आई भाकरी थापायची आणि तुम्ही चुलीपाशी बसून त्या दिवशी जुळवलेल्या बातम्या तिला सांगायचात. नाताळात मुलांनी येशूजन्माची गव्हाण केली, तिला दुसरं बक्षीस मिळालं. तिसरीच्या मुली खो-खोत जिंकल्या. आवारात बोअर पाडली, पाणी लागलं नाही. शाळेची जुनी आया वयोमानानुसार निवृत्त झाली. दिवसभर तुम्ही छापील, शुद्ध मराठी हातानं लावायचात आणि घरी येऊन तेच तुमच्या मैंदर्गीच्या बोलीत सांगायचात. आईला वृत्तांत वाचता येत नव्हता, पण माझ्या शाळेत वर्षभर काय झालं ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असायचं. त्या वर्षीची एक बातमी तुम्ही सगळ्यांत शेवटी सांगितलीत, भाकरीचा तुकडा मोडत: "चौथीत पयला नंबर कुनाचा आलाय, इचार की तुझ्या लेकीला." आई हसली. मी खाली बघत जेवले.

ती जानेवारीपासून शाळेत येत नव्हती. तिच्या वडिलांचा माग बंद पडला होता आणि आई घरी विड्या वळायची. आता त्या विड्या दोघींनी वळायच्या असं ठरलं. आमच्या वर्गात अशा मुली अधूनमधून कमी व्हायच्या, त्याचं कुणाला नवल नव्हतं. पण ती हुशार होती. तिसरीपर्यंत पहिला नंबर तिचा होता, माझा दुसरा.

वृत्तांताचं शेवटचं पान म्हणजे चौथी पास होऊन शाळा सोडणाऱ्या मुलांची यादी. सिस्टरांनी प्रूफ तपासून शनिवारी सही करून पाठवलं. रविवारी सकाळी छापखाना एरवी बंद, पण मंगळवारी समारंभ होता म्हणून तुम्ही गेलात आणि मला सायकलवर पुढं बसवून नेलंत. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, उलटे वाचायला तुम्ही मला दुसरीतच शिकवलं होतं. शेवटचं पान दगडावर मांडून ठेवलेलं होतं, अजून चौकटीत आवळलेलं नव्हतं. दोन रकाने. डाव्या रकान्यात एकवीस नावं, उजव्यात वीस. उजव्या रकान्याच्या तळाशी एका नावाची जागा मोकळी. तुम्हाला मालकांनी पुढच्या खोलीत चहाला बोलावलं आणि मी त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिले. मग तिथले जागा भरायचे कोरे तुकडे चिमट्यानं काढले आणि एकेक अक्षर शोधून तिचं नाव लावलं. आधी बेचाळीसचा आकडा, मग नाव, मग आडनाव. बोटं काळी झाली. मी ती फ्रॉकच्या आतल्या बाजूला पुसली. तुम्ही परत आलात, पानावर वाकलात, बराच वेळ वाकून राहिलात, आणि मला वाटलं आता संपलं. चिमट्यानं काहीतरी नीट केलंत, कन्नडमध्ये स्वतःशी मोजायची सवय होती तुमची, तसं काहीतरी पुटपुटलात, पान आवळलंत आणि मशीनवाल्याच्या हवाली केलंत. मला वाटलं, दिसलं नाही.

मंगळवारी सकाळी आठला शाळेच्या आवारात मांडव घातलाय. सतरंजीवर मुलं, मागं पालक, तुम्ही कडेला उभे, धुतलेली टोपी घालून. मी पहिल्या नंबराची म्हणून व्यासपीठाच्या पायरीशी बसले आहे. बालवर्गाचा नाच होतो. त्यात तिची धाकटी बहीण आहे, म्हणून तीही आली आहे, फाटकापाशी उभी, अंगात घरचाच परकर. मग आमच्या बाई छापील वृत्तांत हातात घेऊन चौथीची नावं वाचायला लागतात. नाव आलं की मुलानं वर जायचं, मोठ्या सिस्टरांच्या हातून शिवणवर्गात शिवलेला रुमाल घ्यायचा, खाली यायचं. एकेचाळीस झाले. बाईंनी बेचाळिसावं नाव वाचलं, आणि वाचून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्या थांबल्या. सगळ्या पोरांच्या माना फाटकाकडं वळल्या. मोठ्या सिस्टर मंगळूरकडच्या, सावकाश, तोलून मराठी बोलायच्या. त्यांनी बाईंच्या हातातला कागद बघितला आणि म्हणाल्या, "नाव वाचलं आहे. मग ये की वर."

ती आली. पोरांच्या मधून वाट काढत, परकर सावरत. तबकात रुमाल उरला नव्हता. सिस्टरांनी तबक बाजूला ठेवलं आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. तंबाखूनं पिवळी झालेली तिची बोटं मला पायरीवरून दिसत होती. सिस्टर वाकून तिच्याशी काही बोलल्या, मग ती खाली उतरली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

समारंभ झाल्यावर सिस्टरांनी तुम्हाला ऑफिसात बोलावलं. छापखान्याचे मालकही तिथं होते. मी दाराबाहेर उभी होते. सिस्टर ओरडल्या नाहीत. माझ्या हस्ताक्षरात एकेचाळीस नावं आहेत, प्रूफात एकेचाळीस आहेत, मग छापून बेचाळीस कशी झाली, एवढंच त्यांनी विचारलं. तुम्ही टोपी हातात घेतली होती. म्हणालात, "चूक माजी हाय सिस्टर. नजरचूक झाली."

"नजरचुकीनं अक्षर गळतं," सिस्टर म्हणाल्या. "अख्खं नाव कसं येतं?"

 मालकच तुमच्या वतीनं माफी मागत राहिले, आणि माफी मागता मागता तुम्हाला बोलत राहिले. पुढच्या वर्षीपासून सिस्टरांचा वृत्तांत दुसऱ्या कंपोझिटरकडं गेला. तुम्ही त्याबद्दल घरी एक शब्द काढला नाहीत. फक्त पुढच्या एप्रिलमध्ये एका संध्याकाळी आईनं विचारलं, यंदा शाळेत काय काय झालं, तेव्हा म्हणालात, "ठावं न्हाय. हँडबिलं लावतोय मी."

त्या मंगळवारी आपण घरी आलो. मोरीपाशी साबणानं हात धुतलेत, पंच्याला पुसलेत, आणि मला समोर बसवून म्हणालात, "अक्षरं आपली नसत्यात. ज्यानं लिवलंय त्याची असत्यात. पुन्यांदा दुसऱ्याच्या लिवन्याला हात लावायचा न्हाय." एवढीच शिक्षा. मारलं नाहीत. आईला सांगितलं नाहीत. मी बत्तीस वर्षं पोरांचे निबंध तपासले, लाल पेन धरला की ते वाक्य आठवायचं, आणि त्यांचं वाक्य बदलण्याआधी मी त्यांना विचारायची.

तिचं म्हणाल तर सिस्टरांनी मे महिन्यात तिला शाळेत बोलावून एकटीची परीक्षा घेतली. ती पास झाली. दाखला मिळाला, नगरपालिकेच्या शाळेत सातवीपर्यंत गेली, मग परत विड्या. तरी सातवी झाली म्हणून पुढं विडी कारखान्यात हिशेबनीस बायकांत तिला बसवलं, हे तिनं त्या लग्नात जेवताना सांगितलं. पोरांना तिनंच शिकवलं.

मग ती संध्याकाळ. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, छापखाना बंद होऊन दोन वर्षं झाली होती, आणि मी सुट्टीत आले होते. तुम्ही अंगणात बाजेवर बसला होतात. कशावरूनही नाही, एकदम म्हणालात, "त्या पोरीच्या नावातलं दुसरं अक्षर तू उलटं बसवलं हुतंस. मी सरळ केलं."

 मी विचारलं, दिसलं होतं तर काढलं का नाही?

"काढनार हुतो. चिमटा लावला हुता." तुम्ही दोन बोटांनी चिमटा धरल्यासारखं केलंत. "मग म्हटलं, पोरीनं मैत्रिनीपायी केलंय. ऱ्हाऊ दे. माज्या लेकीचं मन मोठं हाय, म्हटलं." आणि हसलात. तुम्हाला हसताना मी फार वेळा बघितलेलं नाही. त्यानंतर तुम्ही पाच वर्षं होतात. त्या पाच वर्षांत सांगता आलं असतं. नाही सांगितलं. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, ते कुणी वाचणार नाही, म्हणून आता लिहितेय.

आप्पा, माझं मन मोठं नव्हतं. जानेवारीत शाळा सुटल्यावर ती मला कोपऱ्यावर भेटली होती. तिनं निरोप दिला होता. आई दुपारनंतर सोडते म्हणालीय, बाईंना विचार, अर्धा दिवस आलं तर चालेल का, परीक्षेला बसू देतील का. इतके दिवस बुडाले, मला आत यायची लाज वाटते, तू विचार. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला विचारलं, ही का येत नाही? मी म्हटलं, माहीत नाही. आठवड्यानं तिनं परत विचारलं, सांगितलंस का? मी म्हटलं, सांगते. मग तिनं विचारणं सोडलं. ती आली असती तर पहिला नंबर तिचा होता, एवढंच त्याचं कारण. दुसरं काही नाही. आणि त्या दिवशी व्यासपीठावर सिस्टर वाकून तिला काय म्हणाल्या ते मला पायरीवर ऐकू आलं होतं. त्या म्हणाल्या, अडचण होती तर कळवायचं नाही का, आम्ही काहीतरी केलं असतं. ती माझ्याकडं बघत होती. चांगली टक लावून बघत होती. मग सिस्टरांना म्हणाली, "कळवायचं राहून गेलं."