फक्त एक 'ळ' पाठवावा

सौंसर (म. प्र.),
मंगळवार, १९ सप्टेंबर १९८९

तीर्थस्वरूप शालिकरामभाऊजी यांचे चरणी गुणवंताचा दंडवत.

गेल्या गुरुवारी दुपारी साडेतीन वाजता मालतीबाईंनी आमच्या दुकानातल्या टेबलावर एक कागद ठेवला, आणि त्या घडीला माझ्या जन्माचे दोन तुकडे झाले, गुरुवारच्या आधीचा एक आणि नंतरचा एक. पण आधी विचारपूस करतो, नाहीतर वच्छलाताई म्हणेल की पोरगा रीत विसरला. तुमचा खोकला कसा आहे? ताईची कंबर कशी आहे? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या गोटमारीत, दोन गावांच्या दगडफेकीत, माझ्या डोक्याला लागलं होतं (मी फक्त पाहायला गेलो होतो, पण सावरगावकडून आलेला गोटा पाहणारा कोण आणि मारणारा कोण हे विचारत नाही), ती जखम आता भरली. आतली भरली नाही. तिचंच हे पत्र आहे.

कागदाच्या दोन्ही कडांना भोकं दिसतील. ती उंदरांची नाहीत. कॉम्प्युटरच्या प्रिंटरला कागद ओढायला ती लागतात. मागच्या बाजूला जे छापलेलं आहे ते एवढ्यात वाचू नका. पत्र संपल्यावर वाचा, म्हणजे माझी कीव येईल. आत्ता वाचलं तर हसू येईल.

दुकान म्हणजे तहसीलसमोरची केशवरावांची खोली. केशवराव तहसीलमधून रिटायर झालेले बाबू. तीस वर्षं टाइपरायटर बडवला, त्यामुळे जेवतानाही त्यांची बोटं ताटावर वाजतात. त्यांच्या जावयानं इंदोरहून एक जुना कॉम्प्युटर आणि प्रिंटर पाठवला, आणि तो चालवायला मी लागलो. मशीन आली त्या दिवशी केशवरावांनी नारळ फोडला, तिला कुंकू लावलं, आणि फ्लॉपी आत जायची जी फट असते तिच्यात अक्षता वाहिल्या. (फ्लॉपी म्हणजे काळ्या चौकोनी पापडासारखी वस्तू. मशीनची सगळी विद्या तिच्यात राहते. तांदूळ काढायला मला केसांची पिन आणि एक अख्खी दुपार लागली.) लोक अजूनही चपला बाहेर काढून आत येतात आणि पडद्याकडे पाहून हळू आवाजात बोलतात.

भाऊजी, तुम्ही नागपूरच्या छापखान्यात खिळे जुळवता, तुमची अक्षरं तुमच्यासमोर खणाखणांत पडलेली असतात. आमचं तसं नाही. देवनागरी अक्षरं या मशीनच्या पोटात जन्मजात नसतात. पाच फ्लॉप्यांतून ती एकामागून एक भरावी लागतात, त्याला फॉन्ट टाकणं म्हणतात. मग तीच अक्षरं मशीननं प्रिंटरला शिकवायची, त्याला वीस मिनिटं. आणि लाइट गेली की प्रिंटर सगळं विसरतो. लाइट दिवसातून चारदा जाते. बरं, विसरलेला प्रिंटर गप्प बसत नाही. 'महोदय' च्या जागी तो इंग्रजी अक्षरं, डॉलरची खूण आणि दोन स्वल्पविराम छापतो, आणि तेही अगदी ठणकावून. (कॉलेजचे पेपर मीही असेच लिहिले, म्हणून त्याच्यावर फार रागावता येत नाही.)

कॉलेज का सोडलं याची तीन कारणं मी घरी सांगितली. तिन्ही खोटी आहेत. खरं तुम्हाला सांगून राहिलो. सेकंड इयरला वर्गात उभा राहून उत्तर देताना माझ्या तोंडून 'सगये' गेलं. आपल्या घरी 'सगळे' म्हणतं कोण? माय 'डोये' म्हणते, बाबा 'केयी' म्हणतात. 'ळ' आपल्या जिभेवर आला की 'य' होऊनच खाली उतरतो. सरांनी माझी नक्कल केली, वर्ग हसला, मी बाहेर पडलो आणि दार असं आपटलं की काच फुटली. त्यानंतर त्या दारातून परत आत जायला मला लाज वाटली. बस, एवढंच कारण.

त्याच चुकीवर मालतीबाई हसल्या नाहीत. त्या पांढुर्ण्याच्या. इथल्या प्राथमिक शाळेत मराठीचा वर्ग आहे, त्याला त्या एकट्याच बाई. पहिल्यांदा प्रश्नपत्रिका टाइप करायला आल्या तेव्हा मी म्हटलं, "थोडा वेय लागंल." त्या म्हणाल्या, "वेळ. जीभ मागं वळवा, टाळूला लावा अन् सोडा." एवढंच. जशा पोरांना सांगतात तशा. भाऊजी, त्यानंतर सहा महिने मी घरून, मोहगावहून सौंसरला सायकलवर 'केळी, डोळे, काळा, वेळ' म्हणत आलो. बैलबंडीवाल्यांना वाटलं पोट्टं झपाटलं. त्यांचं काही चुकलं नाही. फक्त एक अडचण आहे, त्या मला 'गुणवंताभाऊ' म्हणतात. तुम्ही पुरुष आहात, या 'भाऊ'चं वजन तुम्हाला कळेल.

ऑगस्टात बातमी आली की मराठीचा वर्ग हिंदीच्या वर्गात मिळवणार. तसं झालं तर मालतीबाई जास्तीच्या ठरतात, आणि जास्तीच्या बाईंची बदली तामियाकडे, पाताळकोटाच्या खोल दरीच्या अंगाला. पालकांनी शिक्षण खात्याच्या साहेबाला अर्ज करायचं ठरवलं. मजकूर मालतीबाईंनी सांगितला, पण सरकारी नोकरी असल्यानं त्यांचं अक्षर अर्जावर दिसून चालत नव्हतं. म्हणून कच्चा कागद घेऊन त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "गुणवंताभाऊ, एका कागदावर नीट उतरवून द्या. तुमचं अक्षर चालेल." माझ्या कोणत्याही गोष्टीबद्दल त्या आजवर इतकं चांगलं बोलल्या नव्हत्या. आणि मी गाढव काय म्हणालो? "हातानं लिहिलेलं आजकाल कोण वाचते, बाई? कॉम्प्युटरवर काढून देतो. साहेब उभा राहीन."

टाइप केलं. पडद्यावर सगळं बरोबर, 'शाळा' ठसठशीत. कागदावर मात्र जिथे 'ळ' तिथे कोरी जागा, पडलेल्या दातासारखी. पाचही फ्लॉप्या पुन्हा टाकल्या. उलट्या क्रमानं टाकल्या. तिसरी पदरानं पुसून टाकली (पदर केशवरावांच्या सुनेचा, ती चहा घेऊन आली होती). पडद्याच्या फॉन्टात 'ळ' होता, प्रिंटरच्या फॉन्टात कोणी ठेवलाच नव्हता. शेवटी पोस्टात जाऊन इंदोरला ट्रंक कॉल लावला. दीड तासानं मशीनचा इंजिनीअर लाइनवर आला.

"कौन सा अक्षर नहीं आ रहा?"

"ळ."

"ल?"

"ल नहीं, ळ!"

"शक्ल बताइए."

मी ओरडून सांगितलं की आठ का आंकडा समझो, उसको सुला दो, ऊपर से डंडा. पोस्टमास्तर मोहोर मारायची सोडून माझ्याकडे पाहत होते. लाइनीतला एक म्हातारा म्हणाला, "कोण झोपलं बाप्पा?" इंजिनीअर म्हणाला, "भाईसाहब, आठ को मत सुलाइए. ल लगा दीजिए, पढनेवाला समझ लेगा."

केशवरावांचंही तेच. "एका अक्षरानं का बिघडते? आपण तरी कुठं 'शाळा' म्हणतो? 'शाया' म्हणतो. कागद उद्या द्याचा हाय." मला राग आला, पण दुसऱ्या दिवशी साहेब दौऱ्यावर येणार होते. मी या दोन हातांनी एकोणपन्नास ठिकाणी 'ळ' च्या जागी 'ल' ठोकला. 'आमच्या मुलाबाळांना मराठी शाळेची कळकळ आहे' याचं झालं 'आमच्या मुलाबालांना मराठी शालेची कलकल आहे'. मालतीबाई बाहेर उभ्या होत्या. मी कागद घडी करून, पाकिटात घालून, चिकटवूनच त्यांच्या हातात दिला.

पुढचं मला कवडूनं सांगितलं. कवडू संत्र्याच्या बगिच्यात मजुरीला जातो, त्याच्या दोन पोरी त्या वर्गात आहेत. गुरुवारी तो मालतीबाईंच्या मागून दुकानात आला. म्हणाला, "आज हिंदी दिवस होता जी. साहेबाच्या गयात हार. साहेबानं वाचलं अन् हासले. म्हणे, ये तो पूरी हिंदी है भाई, हमको सब समझ गया. 'शाला' तो हमारे बोर्ड पर भी लिखा है. मग कायचं भांडण, म्हणे. शुक्कारी परत येतो, काही और असन तं आणा, म्हणे." आणि थोडं थांबून, "आमाले वाचता येत नाही गुणवंता, तू तं शिकेल हायेस ना?"

मालतीबाईंनी कागद टेबलावर ठेवला. 'शाला' वर बोट ठेवलं.

"गुणवंता, तुला 'शाळा' लिहिता येत नाही?"

'भाऊ' गळला होता, भाऊजी. दीड वर्ष मी त्या शब्दाच्या गळण्याची वाट पाहून राहिलो होतो. गळला तर असा. त्या निघून गेल्या आणि दारही त्यांनी आपटलं नाही.

तेव्हापासून पाच दिवस मी जेवतो म्हणजे नुसतं ताटावर बसतो. परवा मला आठवला तो झोपवलेला आठ. 'ळ' च्या जागा कोऱ्या ठेवून अर्ज छापायचा, मग तोच कागद आडवा घालून कोऱ्या जागी इंग्रजी आठ छापायचा. वर्तुळं जुळतील, दांडी हातानं ओढू. आडवा कागद प्रिंटरनं आधी चावला, मग गिळला. तिसऱ्या खेपेस आठ उतरले, पण ते 'शाळे'त न उतरता पालकांच्या नावांवर उतरले आणि कवडूच्या कपाळावर दोन पडले. चौदा कागद गेले. त्यांच्याच पाठीवर हे पत्र आहे.

आज दुपारी केशवरावांनी टोपली पाहिली. "काहून बे, रिबिन का तुया घरची हाय?" मी म्हटलं, तुमच्या मशीनीले अक्षर येत नाही अन् तुम्ही मले बोलता? ते म्हणाले, "मशीनीले नाही येत तं तुले तरी कधी येत होतं?" मी नोकरी सोडली. (या महिन्यात तिसऱ्यांदा.) ते जेवायला जाता जाता म्हणाले, "जातं तं जाय, पण दार लोटून जाजो, कुत्रं शिरते." मी गेलो नाही. जाऊन कुठे जाऊ? शुक्रवार तीन दिवसांवर आहे. शुक्रवारी साहेबानं मान हलवली की कवडूच्या पोरी 'शाला' शिकतील आणि मालतीबाई पाताळात जातील, आणि धाडणारा मी.

असो. ताईला नमस्कार, लहानांना पापा. माझ्याबद्दल मनात राग ठेवू नये. पाऊस उघडला आहे, कापूस बरा आहे, बाबांची तब्येत ठीक.

आपला,
गुणवंता

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण वर लिहायची लाज वाटली. मागच्या दिवाळीत तुम्ही मला म्हणाला होता की छापखान्यात ये, हात काळे होतील पण काम हाताखाली राहील. मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो की खिळ्यांचे दिवस गेले. भाऊजी, मला एक खिळा पाठवा. 'ळ' चा. मजकुराच्या मापाचा, फार मोठा नको. कोऱ्या जागी मी शाईच्या पॅडवर दाबून एकोणपन्नास वेळा हातानं ठसा उठवीन. खिळ्यावर अक्षर उलटं असतं हे मला माहीत आहे. काडेपेटीत घालून छिंदवाडा गाडीच्या कंडक्टरजवळ द्या, गुरुवारपर्यंत मिळाला पाहिजे. फक्त एक. (जमल्यास दोन. माझ्या हातून वस्तू पडतात.)

दुसरा ता. क. ताई, तू हे वाचून राहिली आहेस हे मला माहीत आहे. काचेचं मायला सांगू नको. 'भाऊ'चं तर कोणालाच सांगू नको.

तिसरा ता. क. नागपूरची गाडी यायला अजून वेळ होता म्हणून पत्र पहिल्यापासून वाचलं. किती 'ळ' लिहिले ते मोजायला बसलो आणि पन्नासाच्या पुढे मोजणं सोडून दिलं. मधे लाइट दोनदा गेली आणि आली. एकाही 'ळ' ला फ्लॉपी लागली नाही. मालतीबाईंनी पहिल्याच दिवशी एवढंच तर मागितलं होतं.

म्हणून खिळा पाठवू नका. पाठवलाच तर खिशात ठेवीन.

अर्ज लिहून झाला आहे. बिनभोकाचा कागद, शाईचा पेन, एकोणपन्नास 'ळ'. अक्षर कोंबडीच्या पायासारखंच आहे, पण 'ळ' चांगले आले, ते मी शिकून घेतलेले आहेत. शाळा पाचला सुटते, आता साडेचार झाले. वाटेत हे पत्र गाडीवर देतो, मग बाईंना फक्त एकदा वाचून पाहा म्हणतो, आणि कवडूचा अंगठा घ्यायला जातो. दुसरं काही बोलणार नाही. मशीनवर कापड टाकलं आहे. शाई अजून ओली आहे, कागद दोन्ही हातांवर आडवा धरावा लागतो, म्हणून दार आपटता येत नाही. कोपरानं हळूच ओढून घेतो, कुत्रं शिरू नये इतकं.