अभिमानाची ओळ

मोसबाख, १२ नोव्हेंबर १९१६

चि. ऑटिलीस ताईचे आशीर्वाद.

इकडे ठीक म्हणायची रीत आहे, म्हणून ठीक. गाय आटली. सलगमावर भागवतो. व्हिएन्नात तुम्ही भाजक्या अंजिरांची कॉफी पिता म्हणे. कवींना चालत असेल.

रविवारी चर्चबाहेर पाद्रीबाबांनी माझे हात हातात घेऊन मला गावाचे भूषण म्हटले. मला उमजेना. मग मास्तरीणबाईंनी वर्तमानपत्र पुढे केले. त्यात तुझी कविता, माझ्या रुपर्टवर. नाव नसले तरी बहिणीचा मुलगा म्हटल्यावर गावाला काय कळायचे राहते? शेवटी म्हणे मी मान ताठ करून, अभिमानाने, मुलगा देशाला दिला. ऑटिली, मी दिला नाही, त्यांनी नेला. लायबाखच्या लष्करी इस्पितळात तो हगवणीने गेला, पाणी पाणी करत. शेजारच्या खाटेवरचा अलोइस घरी येऊन सांगून गेला. हे मीच तुला सांगितले, वर तुझेच डोळे पुसले. आणि तू त्याची कविता केलीस, तीही खोटी.

माया आटलेली नाही, पण सध्या पत्र धाडू नकोस.

नोटबुर्गा

व्हिएन्ना, २० नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

नको म्हणालीस तरी लिहिते. तुझे ऐकले कधी मी? ती ओळ माझी नाही. माझा शेवट असा होता:

ताटलीतली वाफ विझते,
आणि कुणी विचारत नाही
आज मीठ कमी का.

संपादकांकडे जाऊन भांडले. ते म्हणाले की सेन्सॉरने शेवट कापला असता, पानावर पांढरा डाग राहिला असता. त्यापेक्षा आम्ही एक बरी ओळ घातली, आभार माना. मी म्हटले, डाग चालला असता. दुरुस्ती छापणार नाहीत, आणि पुढे माझे काहीच छापणार नाहीत.

तुला विचारले नाही, कारण तू नको म्हणाली असतीस. रुपर्टला मीही खांद्यावर खेळवला आहे, ताई. रडायला मला दुसरी जागा नाही.

रागावलीस तरी आपली म्हण.

ऑटिली

मोसबाख, ९ डिसेंबर

चि. ऑटिलीस आशीर्वाद.

शाळेत हुतात्म्यांची सभा झाली. मला पहिल्या रांगेत बसवले. एका मुलीने तुझी कविता म्हटली, गोड म्हटली. अभिमानाची ओळ आली आणि मी उठले. म्हणाले, "मला अभिमान नाही. माझा मुलगा घाणीत मेला." मग तुझा खरा शेवट म्हटला. पाठ कधी झाला, देव जाणे.

वाटले होते, निदान शेजारची क्रेसेन्झ माझा हात धरेल; तिचे दोन मुलगे लढाईत गेले आहेत. तीच माझ्या अंगावर धावून आली. तुझा घाणीत मेला तर माझे कशासाठी मेले, असे विचारत राहिली.

दुसऱ्या दिवशी पोलीस येऊन समज देऊन गेला. पाद्रीबाबा सांगत फिरतात की दुःखाने डोके फिरले. आता मला रस्त्यात कुणी नमस्कार करत नाही. तुझ्यावरचा राग मात्र गेला. कुणीतरी खरे लिहिले होते एवढे कळले.

तब्येत सांभाळ. लोकरीचे मोजे वेगळे पाठवते.

नोटबुर्गा

व्हिएन्ना, १५ जानेवारी १९१७

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या त्या सभेवर कविता केली. एका लहानशा वर्तमानपत्राने घेतली. सेन्सॉरने सगळीच कापली. वर शीर्षक, खाली माझे नाव, मधे कोरा कागद. मैत्रिणी म्हणतात, तुझी आजवरची उत्तम कविता. मीही हसले. घरी येऊन मग हसू आले नाही.

पुढच्या आठवड्यात येऊ का? तुझ्या धाकट्या फाइटला काय आणू? आता अठराचा झाला असेल. मावशीचे खेळणे नको म्हणेल.

तुझी माया आहे तोवर मी आहे.

ऑटिली

मोसबाख, २२ जानेवारी

चि. ऑटिलीस आशीर्वाद.

ये. येताना मीठ मिळाले तर आण.

फाइटला सैन्याचे बोलावणे आले. परवा गेला. टोपीला फूल लावू नकोस म्हटले, तर म्हणाला की सगळे लावतात, आई. क्रेसेन्झ फाटकाशी उभी होती. तिने त्याच्या खिशात दोन सफरचंदे कोंबली.

तू आलीस की माझ्याशी हवे ते बोल. फाइटवर मात्र एक अक्षर लिहू नकोस. तो अजून जिवंत आहे.

नोटबुर्गा