गाडी घरी ठेवून जेवायला

अहो, नमस्कार. आम्ही इथे लेकाकडे सगळे धडधाकट आहोत. तुम्ही गोळ्या वेळेवर घेताय, असं धरून चालते.

काल सूनबाईचा वाढदिवस, म्हणून हॉटेलात जेवायला गेलो. मागच्या खेपेला तिथल्या दारावरच्या माणसाने गाडी लावून द्यायचे एवढे पैसे घेतले, की तेवढ्या पैशांत आम्ही चौघं आठवडाभर बसने हिंडलो असतो. जेवण संपेपर्यंत लेकाचं तोंड एवढंसं. म्हणून या वेळी मी सांगून टाकलं, बसने नेणार असाल तर येते.

"आई, बसला तास लागतो," लेक म्हणाला.

"मग हॉटेल काय पळून जातंय?"

बसमध्ये नातीने खिडकी बळकावली. मी लेकाच्या शेजारी बसले. दुसरा थांबा यायच्या आत हा बाबा माझ्या खांद्यावर मान टाकून घोरायला लागला. नव्या शालीवर लाळ गाळली. त्याला काम फार पडतंय, हे तुम्हांला लिहिलं नव्हतं. तब्येत बरी आहे, उगाच घोर लावून घेऊ नका. पण गाडी चालवणाऱ्याला डोळे मिटायची सोय कुठे असते?

आमचा थांबा आला तशी सूनबाई त्याला उठवायला वाकली. मी डोळे वटारले. बस शेवटपर्यंत गेली आणि तिथून आम्ही दुसरीने उलटे आलो. जेवायला उशीर झाला, पण गडी पोटभर जेवला.

तुमचा गुडघा कसा आहे? माझं परतीचं तिकीट महिनाभर पुढे ढकला. स्वतःच्या हाताने चहा केला म्हणून कोणी मरत नाही.

तुमची कटकट