डोक्याशी बसायचा मान

मांगेरे, ऑकलंड
सोमवार, ९ सप्टेंबर २०१९

प्रिय फिफिता,

देव तुम्हा तिघांना सुखरूप ठेवो.

बाळाचा फोटो पोचला. नाक आमच्याकडचं, कपाळ मात्र तुझ्या आईचं. तुझी कंबर अजून दुखते का? तिकडे लिफुका बेटावर पाऊस नाही असं विलिसोनी म्हणत होता. इथली थंडी ओसरत आली आहे. वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात मला सकाळची पाळी मिळते, गरम चादरींच्या घड्या घालायच्या, त्यामुळे सांधे बरे राहतात. शनिवारी चर्चच्या बायकांनी अळूच्या पानात मटण बांधून भाजलं होतं. सगळ्यांनी तुझी चौकशी केली.

एवढंच असतं तर मी फोन केला असता. पण फोन नेहमी माझ्या भावाच्या, विलिसोनीच्याच हातात असतो, आणि हे मला तुला एकटीला सांगायचं आहे.

तुझ्या लेकीच्या, लोसाच्या इथल्या इस्पितळातल्या दिवसांबद्दल तू एकदाही विचारलं नाहीस. मी आपणहून सांगते. ती सगळ्या वॉर्डाची लाडकी होती. दहा पावलं चालली की धाप लागून उकिडवी बसायची, आणि शेजारून जाणाऱ्या नर्सला म्हणायची, "मी दमले नाही, फरशी बघतेय." हार्ग्रीव म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. हृदयातून फुप्फुसांकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी लोसाच्या अंगात जन्मापासून तयारच झाली नव्हती. भलत्या ठिकाणाहून फुटलेल्या चार-पाच बारीक, वाकड्या वाहिन्यांवर ती सहा वर्षं जगली होती. त्या सोडवायच्या, एकत्र शिवायच्या आणि एका नळीने हृदयाला जोडायच्या, असं ते काम.

लोसाने चित्र पाहिलं. "हे हृदय? हे तर आमच्या मळ्यातलं रताळं आहे."

मी ते बाईंना इंग्रजीत सांगितलं. त्या हसल्या. "म्हणजे मला मळ्यातलंच काम आहे."

"मग हात आधी धुवा म्हणावं," लोसा म्हणाली.

त्या खोलीत दोन्ही भाषा येणारी मी एकटी होते. तू सात महिन्यांची गरोदर, तुला विमानात बसू देईनात. तुम्ही दोघांनी कागदावर सही करून निर्णय माझ्या हाती दिला होता. आत्याच ती, तिचा शब्द मोठा, असं विलिसोनी म्हणाला होता. तू काही बोलली नव्हतीस.

लोसाला चित्र रंगवायला बसवून हार्ग्रीव बाईंनी मला बाहेर नेलं. त्या स्पष्ट बोलल्या. काहीच केलं नाही तर ती आणखी काही वर्षं जगेल, कदाचित दहा-बारा वर्षांची होईल, हळूहळू खंगत जाईल. ऑपरेशन निभावलं तर मोठी होईल. पण अशा दहा मुलांतली दोन-तीन वाचत नाहीत, आणि हिच्या वाहिन्या फार बारीक आहेत. "घरी नेलंत तरी तुमचं चुकलं असं कोणी म्हणणार नाही," हे त्यांनी दोनदा सांगितलं.

संध्याकाळी तुझा फोन आला. तुझे शब्द मला पाठ आहेत. "डॉक्टरांना जराही शंका असेल तर तिला घरी पाठव. जेवढी जगेल तेवढी माझ्याजवळ जगू दे." मी म्हटलं, विचारून सांगते.

मी कोणालाच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तुला सांगितलं, ऑपरेशनशिवाय इलाज नाही असं डॉक्टर म्हणतात. फिफिता, ते खोटं होतं.

आदल्या दिवशी फोनवरचं तुझं बोलणं लोसाने ऐकलं होतं. मी तिची वेणी घालत होते. "आत्या, आई घरी ये म्हणाली ना?"

मी म्हटलं, "बरी होऊन ये म्हणाली."

तिने रिबीन माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "बरं. मग लवकर करायला सांग."

मी असं का केलं? मला पोर नाही. तिला धावत तुझ्या अंगणात आणावं आणि सगळ्या गावाने म्हणावं, मेलेनाइतेने हिला वाचवलं, असं मला वाटत होतं. तिच्यावर माया होती, ती खोटी नाही. पण माझ्या मनात हेही होतं.

मंगळवारी बारा तास लागले. छाती उघडीच ठेवून वर पातळ पडदा लावला होता. मला आत सोडलं तेव्हा तिची नखं गुलाबी होती. ओठसुद्धा. तू तिला असं कधी पाहिलं नाहीस, मीही नव्हतं. मी देवाचे आभार मानले. बुधवारी फुप्फुसात रक्तस्राव सुरू झाला. गुरुवारी सकाळी अकरा वाजता ती गेली. हार्ग्रीव बाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी हातातलं काही चुकू दिलं नाही, हे तू मनाशी पक्कं धर.

रजा मिळाली नाही म्हणून दफनाला आले नाही, असं मी कळवलं. रजा मिळाली होती. चार दिवस स्वयंपाकघरात बसून होते. आपल्या रीतीने दफनाआधी लोसाच्या डोक्याशी बसायचा मान आत्याचा, म्हणजे माझा, आणि तुझ्या माहेरच्यांनी मागे चुलीशी धुरात राबायचं. त्या जागी मला बसवेना.

तरीही मी गप्पच राहिले असते. पण परवा विलिसोनी म्हणाला, बाळाचं नाव आत्यानेच ठेवायचं. त्याला यातलं काही माहीत नाही. सांगायचं की नाही, ते तू ठरव. नावही तूच ठेव.

विमानाने मोठ्या बेटावर उतरून मी तिथून चार ऑक्टोबरच्या बोटीने येते आहे. माफी मागणारे बांधतात तशी फाटकी चटई कमरेला बांधून तुझ्या दाराबाहेर जमिनीवर बसेन. नणंद भावजयीपुढे अशी बसत नाही, लोक बोलतील, बोलू देत. विलिसोनी मला उठवायला धावेल, त्याला अडव. तू ऊठ म्हणालीस तर उठेन. नाही म्हणालीस तर संध्याकाळच्या बोटीने परत जाईन, आणि तुझ्याबद्दल माझ्या तोंडून वावगा शब्द निघणार नाही.

तू जिच्या हाती लेक सोपवलीस ती,
मेलेनाइते