स्वारी घरी आहे

३ नोव्हेंबर, सोमवार

स्वारी आली. आधी सायकल दारातून आत आली, मग बॅग, मग स्वारी. सायकलीला या घरात मान आहे, तिची जागा सोफ्याशेजारी. मी मात्र गेली कित्येक वर्षं पर्स कुठे टेकवायची ते रोज नव्याने शोधते.

ह्यांचा सायकल शर्यतींचा संघ एक गाद्या बनवणारी कंपनी चालवत होती. तिने संघ बंद केला. गाद्या चालू आहेत. आता दुसरा संघ मिळेपर्यंत मुक्काम इथेच. किती दिवस, असं विचारलं तर खांदे उडवले. बेचाळिशीच्या माणसाने खांदे उडवलेले फार वाईट दिसतात.

फोन येईल म्हणाले. लवकर येवो. शर्यतींच्या दिवसांत मी विधवेसारखी सुखात असते, त्याची सवय झाली आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

ह्यांच्या धंद्यातला नियम: बसणं शक्य असेल तर उभं राहायचं नाही, आडवं होणं शक्य असेल तर बसायचं नाही. पाय जपायचे. मी ऑफिसातून आले तर स्वारी जमिनीवर आडवी आणि दोन्ही पाय भिंतीला टेकवून वर. रक्त खाली उतरायला हवं म्हणे. मागच्याच वर्षी रंग दिलेल्या भिंतीवर टाचांचे दोन काळे ठसे.

लेक म्हणाली, ''आई, बाबा चार्जिंगला लावलाय.''

दूध संपलं होतं. कोपऱ्यावरून आणता का, म्हटलं. पायी? त्यांनी असं विचारलं, जसं मी विमानातून उडी मारायला सांगितलं होतं. मग सायकलचे कपडे चढवले, बूट घातले, हेल्मेट घातलं आणि दूध आणलं. दुकान आमच्या खिडकीतून दिसतं.

५ नोव्हेंबर

फोन आले. गॅसवाल्यांचा, बँकेचा आणि घर विकायचंय का विचारणाऱ्या बाईचा.

६ नोव्हेंबर, गुरुवार

जेवताना लेकीने विचारलं, बाबा, तू कधी पहिला आलायस का? मी वाढता वाढता थांबले. एवढ्या वर्षांत मी हे विचारलं नव्हतं. सभ्यपणा म्हणून नव्हे, उत्तर माहीत होतं म्हणून.

त्यांनी काटे-चमचे घेऊन समजावलं. संघात एक नायक असतो, जिंकायचं काम त्याचं. बाकीचे त्याच्या पुढे राहून वारा अडवतात. मागच्याला कितीतरी कमी जोर लागतो. त्याला चढावर आणायचं, शेवटची रेघ दिसली की बाजूला व्हायचं. मग तो जिंकतो.

''आणि तू?''

''मी पोचतो.''

एकदा मात्र पहिला आलो होतो, म्हणाले. नायकाचं टायर फुटलं होतं.

''म्हणजे तुमच्या आयुष्यातला एकमेव विजय दुसऱ्याच्या पंक्चरचा,'' मी म्हटलं. लेक खो-खो हसली. तेही हसले. हेच मला सहन होत नाही. माणसाने निदान रागवावं तरी.

७ नोव्हेंबर

कपाटाचं दार दुरुस्त केलं त्यांनी. न सांगता. पुठ्ठ्याची घडी अडकवून मी ते वर्षानुवर्षं लावत होते. आज दिवसभरात चार वेळा त्या पुठ्ठ्याकडे हात गेला. विचारल्याशिवाय कशाला हात लावू नका, असं सुनावलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

ऑफिसविषयी. आमची कंपनी लिफ्ट बसवते आणि मी दिलगिरी व्यक्त करते. लोक अडकतात, चिडून लिहितात, मी उत्तर देते: आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल मनापासून खेद वाटतो. अठरा वर्षं मनापासून खेद वाटतोय. विभागप्रमुख निवृत्त झाले. खुर्ची रिकामी आहे. दावेदार दोन: मी आणि मधुरवाणी. मधुरवाणी साहेबांच्या विनोदांना विनोद संपायच्या आत हसते. मी संपल्यावरही नाही. त्यामुळे निकाल उघड आहे.

पण आज साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्चीबद्दल नाही. साहेबांनी सायकल घेतली आहे! ते टेबलामागून बाहेर आले तेव्हा कळलं की खाली घट्ट चड्डीच आहे, घरून घालूनच आलेत. पोट आणि चड्डी यांच्यात उघड भांडण चाललेलं. म्हणाले, तुमचे यजमान व्यावसायिक आहेत ना? उद्या सकाळी पाण्याच्या टाकीच्या चढावर या म्हणावं. बघू कोण कोणाला दमवतं.

घरी सांगितलं. जातो की, म्हणाले.

९ नोव्हेंबर, रविवार

स्वारी परतली. कसे आहेत साहेब, विचारलं.

''श्वास फार मोठ्याने घेतात,'' म्हणाले आणि आडवे झाले.

१० नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसात साहेब लिफ्ट सोडून जिन्याने वर आले. लिफ्टच्या कंपनीत! सगळ्यांसमोर माझ्या टेबलापाशी थांबले. मॅडम, घरी चौकशी केलीत का? शेवटच्या वळणावर तुमच्या यजमानांना मागे टाकलं मी. शिस्त हो, दुसरं काही नाही. त्यांना धाप लागली होती बिचाऱ्यांना. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. या इमारतीत हे प्रथमच घडलं.

संध्याकाळी खरं काय ते काढून घेतलं. हे त्यांच्यापुढे राहिले होते, पूर्ण चढभर. मुद्दाम नाही. समोरून वारा आला की आपोआप पुढे होतो, म्हणाले, आणि वरची रेघ दिसली की आपोआप बाजूला. वीस वर्षांची सवय. बाजूला झालो आणि पाहिलं, तर मागून साहेब. तोवर उशीर झाला होता.

मी हसून हसून खाली बसले. मग हसणं थांबलं आणि डोकं चालायला लागलं.

''पुढच्या रविवारीही जा,'' मी म्हटलं.

''पुन्हा बाजूला होऊ?''

''तुम्हाला दुसरं येतं काय?''

१२ नोव्हेंबर, बुधवार

साहेबांनी विचारलं, मॅडम, विभाग सांभाळायचा झाला तर तुम्ही काय बदल कराल? मधुरवाणीच्या हातातला पेला टेबलावर जरा जोरातच टेकला.

एवढी वर्षं मी अचूक पत्रं लिहिली. कधी कोणी विचारलं नाही. नवऱ्याने एका लठ्ठ माणसापुढचा वारा अडवला आणि मला मतं आहेत असा शोध लागला.

साहेबांनी आणखी जाहीर केलं आहे: या रविवारी व्यावसायिकाला पुन्हा हरवणार. वरच्या दोन संचालकांनाही टाकीपाशी बोलावलंय. ऑफिसने टाळ्या वाजवायला हजर राहावं. माझ्याकडे पाहून म्हणाले, त्यानंतर सोमवारी खुर्चीचं बघू.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

फोन आला! तो फोन. एका चांगल्या संघाच्या निवडीचं काम करणारा, ह्यांच्याच वयाचा, पूर्वी एकत्र शर्यती केलेला. गळ्यात कायम वेळ मोजायचं घड्याळ, म्हणून मी त्याला घड्याळवाला म्हणते. एक जागा आहे, म्हणाला. पण वरचे लोक वय विचारतात. चढावर पाय अजून आहेत एवढं मला डोळ्यांनी दिसू दे, बाकी मी बघतो. रविवारी या भागातून जाणार आहे, त्याच सकाळी बघतो. दुसरा दिवस नाही.

रविवारी. त्याच चढावर.

स्वारी स्वयंपाकघरात माझ्या जुन्या टूथब्रशने साखळी घासत बसली होती. चेहरा धुतल्यासारखा. लेकीला उचलायला गेले, ती आता उचलायच्या वयाची नाही, तरी उचललं.

मी काही बोलले नाही. आज नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज बोलले.

आधी साहेबांना विचारून पाहिलं होतं, एक आठवडा पुढे ढकलता येईल का. संचालक काय आपल्या सोयीने येतात, मॅडम? झालं.

साखळी अजून चाललीच होती. मी समोर बसले. म्हटलं, फक्त हा एक रविवार. त्यांनी मान वर केली नाही. घड्याळवाला येतोय, म्हणाले. मला माहीत आहे, म्हटलं.

''त्याला मी पुढे सुटलेला दिसायला हवा. साहेब मागे कुठेतरी.''

''आणि साहेबांना ते स्वतः पुढे दिसायला हवेत.''

''मग?''

मी सगळं मांडलं. अठरा वर्षं. मधुरवाणी. ह्यांच्या संघात फार तर आणखी दोन मोसम, माझ्यापुढे निवृत्तीपर्यंतची वर्षं. सगळं खरं होतं. खरं बोलताना माझा आवाज दिलगिरीच्या पत्रासारखा होतो, हे पहिल्यांदाच ऐकू आलं. ते साखळीच घासत राहिले. गप्प माणसासमोर माझी जीभ सुटते. म्हटलं, ''आयुष्यभर परक्यांसाठी बाजूला झालात. एकदा घरच्या माणसासाठी झालात तर काय बिघडेल? आणि पुढे जायची सवय तरी कुठे आहे तुम्हाला?''

ब्रश थांबला. पुन्हा सुरू झाला. म्हणाले,

''साहेबांना सांग, शेवटच्या वळणाला उजव्या कडेने यायचं. तिथे वारा डावीकडून असतो.''

१५ नोव्हेंबर

साहेबांना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

टाकीपाशी ऑफिस जमलं होतं. दोन्ही संचालक, गळ्याला मफलर. मधुरवाणी केक घेऊन आली होती. हरणारी माणसं तयारी फार करतात. मी थर्मास घेऊन उभी, लेक माझ्या बाजूला. घड्याळवाला थोडा लांब, आपल्या गाडीला टेकून. मला नमस्कार केला. मी थर्मासचं झाकण घट्ट केलं, ते घट्टच होतं.

खालच्या वळणावर दोघं दिसले. पुढे हे, वाऱ्यात डोकं खाली घालून. मागे साहेब, शिजलेल्या बिटासारखे. मला सायकलीतलं काही कळत नाही, कळून घेतलं नाही. पण एवढं दिसलं की एक माणूस सायकल चालवतोय आणि दुसऱ्याला आणलं जातंय. साहेब मागे पडायला लागले की हे जरा सावकाश होत. मागे न बघता. कसं कळायचं कोण जाणे. इतक्या हळुवारपणे मी आजारी लेकीलाही कधी जिना चढवला नसेन.

शेवटचं वळण. वारा डावीकडून. हे डावीकडे सरकले, साहेब उजव्या कडेने. मग हे बाजूला झाले. त्या क्षणी माणूस रेघेकडे बघतो. ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

साहेब पहिले! दोन्ही हात वर केले आणि तोल जाऊन मफलरवाल्या संचालकांच्या अंगावर गेले. टाळ्या. मीही वाजवल्या. वाजवायलाच हव्या होत्या.

घड्याळवाल्याने घड्याळाकडे पाहिलं आणि ते खिशात टाकलं. ह्यांच्याजवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला. मला ऐकू येत होतं.

''पाय गेले का रे?''

''वय झालं,'' हे म्हणाले. हसले.

परतताना लेक गाडीत मागे बसली, पुढची जागा रिकामी असून. ''बाबाने ब्रेक दाबला,'' म्हणाली. ''मी बोटं बघितली त्याची.'' तुला काय कळतं, म्हटलं. मला कळतं, म्हणाली, तुलाच कळत नाही. मग रात्रीपर्यंत माझ्याशी एक शब्द नाही. ह्यांच्यावर गेली आहे असं वाटायचं. जीभ माझी आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी साडेदहाला सही झालेला आदेश हातात. विभागप्रमुख. साहेब म्हणाले, गुणवत्ता बघून घेतलेला निर्णय आहे. मधुरवाणीने अभिनंदन केलं आणि बदली मागून घेतली. संचालकांचीही सही आहे, आता कोणाच्या बापाला बदलता येणार नाही.

खुर्चीत बसले. डावीकडे कलते. माझ्या आधीचा माणूस एका बाजूवर बसत असावा.

घरी स्वारीने सूप केलं होतं. छान झालं, म्हणाले. सूप नव्हे, खुर्ची. एवढंच. घड्याळवाल्याचं नाव नाही, टोमणा नाही, सुस्कारासुद्धा नाही. मी भांडायची सगळी तयारी करून आले होते. ती तशीच घेऊन झोपायला आले. झोपेत त्यांचे पाय चालतात. पलंग हलतो. सांगेन उद्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

घड्याळवाल्याचा फोन. माझ्या फोनवर. स्वारी आंघोळीला गेली होती.

वहिनी, म्हणाला, दोन दिवस डोक्यातून जात नाही. याला मी विशीपासून पाहतोय. रविवारी तो मुद्दाम मागे राहिला ना? तुम्ही नुसतं हो म्हणा, जागा अजून आहे. सोमवारी सामान बांधून पाठवून द्या त्याला, वर्षभर घरी दिसणार नाही.

आदेश माझ्या टेबलाच्या खणात. लेक शाळेत. बाथरूममध्ये पाणी पडत होतं, आणि ते काहीतरी गुणगुणत होते, बेसूर.

''नाही हो,'' मी म्हटलं. ''आता तेवढंच उरलंय त्यांच्यात.''

कोणाचा फोन, त्यांनी बाहेर येऊन विचारलं.

राँग नंबर, म्हटलं.