खिडकी क्रमांक चारच्या पेन ड्राइव्हबाबत पाचवा अर्ज

प्रति,
मा. प्रमाणपत्र अधिकारी,
प्रमाणपत्र विभाग, तळमजला.

विषय : खिडकी क्रमांक चारच्या संगणकाला लावलेला पेन ड्राइव्ह काढण्याबाबत.
संदर्भ : माझे याच विषयावरील चार अर्ज (आवक क्रमांक मिळाले नाहीत).

महोदय,

मी संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करतो. माझ्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. कानाच्या शस्त्रक्रियेच्या योजनेत पाच वर्षे पूर्ण होण्याआधीच नाव घालावे लागते व त्यासाठी आपल्या विभागाचे प्रमाणपत्र लागते. तपासणी झाली, डॉक्टरांचा शेरा झाला, आपली मंजुरीही झाली. फक्त कागद छापून हातात पडायचा होता. तो घेण्यास मी १ तारखेला आलो असता खिडकीवरील लिपिकांनी "हार्ड डिस्क उडाली, नवी आली की या" असे सांगितले.

हार्ड डिस्क ठणठणीत आहे. लिपिक जेवणाच्या सुट्टीत गाणी ऐकतात. त्या गाण्यांचा पेन ड्राइव्ह संगणकाला तसाच लावलेला मला काचेतून दिसला. हा संगणक सुरू होताना आधी पेन ड्राइव्ह तपासतो, तिथे गाण्यांखेरीज काही सापडत नाही आणि तिथेच अडून बसतो. हार्ड डिस्कपर्यंत पोचतच नाही. तो काढा, एवढेच मी म्हणालो. लिपिकांनी लेखी मागितले. लेखी दिले, तर आवक क्रमांक त्याच संगणकातून पडतो म्हणून अर्ज परत आला. असे चार वेळा झाले. चौथ्या वेळी माझा आवाज चढला, हे कबूल करतो. त्यावर लिपिक म्हणाले, "ओरडताय कशाला? तुमच्या पोरीला तरी ऐकू येतंय का?" रांगेतले लोक हसले. मुलगीही हसली, कारण सगळे हसत होते.

९ तारखेला लिपिक चहाला गेले असता मी खिडकीतून हात घालून पेन ड्राइव्ह काढला व बटण दाबले. संगणक सुरू झाला. मुलीचा तळहात खिडकीच्या फळीवर होता. संगणकातल्या पंख्याची थरथर तिला कळली आणि तिने माझ्याकडे बघून मान हलवली. मी यादी उघडली, तिचे नाव तिसरे होते. छपाईचा हुकूम देण्याआधी पहारेकऱ्याने माझे मनगट धरले.

नंतर आपण स्वतः आलात. पंचनामा झाला. पुरावा जसा होता तसा राहावा म्हणून आपल्या आदेशाने संगणक बंद करून पेन ड्राइव्ह पुन्हा जागेवर लावण्यात आला, वर कागदी पट्टी, लाख आणि आपली सही. मग संगणक सुरू करून पाहिला. तो अर्थातच अडला. "अर्जदाराच्या हस्तक्षेपामुळे संगणक नादुरुस्त" अशी नोंद झाली आणि सुनावणी २० तारखेला ठेवली गेली. १८ तारखेला मुलीला पाच पूर्ण होतात, हे मी हात जोडून सांगितले. आपण म्हणालात, "वीसला मी आहे ना. दोन दिवसांत काय आभाळ कोसळतंय?"

काल १८ तारीख होती. मुलगी नवा फ्रॉक घालून आली आणि फळीवर तळहात ठेवून उभी राहिली. खिडकी बंद होईपर्यंत फळी थरथरली नाही. घरी तिची आई एवढेच म्हणाली, "जगाची मशिनं दुरुस्त केलीत."

आज हा अर्ज लिहायला बसलो तेव्हा माझी विनंती वेगळी होती. ते सील आपण निवृत्त होईपर्यंत कोणी काढू नये आणि अडलेल्या संगणकाचा काळा पडदा आपल्याला रोज दिसावा, असे लिहिणार होतो. मला आपला मनापासून राग येतो, तो इथे नोंदवून ठेवतो. परंतु काल रांगेत माझ्यामागे एक बाई होत्या. त्यांचा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. माझ्या मुलीचे पाहून त्यानेही फळीवर हात ठेवला होता.

सबब, उद्या मला जी शिक्षा द्यायची ती द्यावी, पण आधी ती पट्टी फाडून पेन ड्राइव्ह काढावा. दोन बोटे पुरतात. मग बटण दाबावे. संगणक सुरू होताना 'टुक्' असा बारीक आवाज येतो. तो आला की काम झाले. आपल्याला तो ऐकू येईल.

आपल्या खिडकीबाहेरचा,
(सही)
मुलीचा बाप
दिनांक : १९

सोबत : काही नाही. सर्व कागद त्याच संगणकात आहेत.