माईक बंद ठेवावा

आप्पा, परवा दादाच्या केसची सुनावणी झाली. तुम्ही गेलात तेव्हा सरकारचं अपील नुकतंच वरच्या कोर्टात दाखल झालं होतं, त्यानंतर इतकी वर्षं ते तिथंच पडून होतं. आता घरबसल्या बघता येतं, असं सरकारी वकिलांच्या कारकुनानं फोनवर सांगितलं आणि लिंक पाठवली. लिंकच्या खाली सुनावणी बघणाऱ्यांसाठी नियम लिहिले होते. खरं नाव लिहून आत यावं. माईक आणि कॅमेरा बंद ठेवावा. रेकॉर्डिंग करू नये, फोटो काढू नये. मध्ये बोलल्यास बाहेर काढलं जाईल. मी ते दोनदा वाचले. सगळा जन्म कोर्टात शिपाई म्हणून काढलेल्या माणसाची मुलगी मी, मला यात नवं काही वाटायला नको होतं.

आईनं सकाळीच आंघोळ करून इरकल नेसली. गुडघ्यांमुळं ती आता जिना उतरत नाही. शेजारणीकडून तिनं केस नीट बांधून घेतले आणि मी पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाईलसमोर डोक्यावर पदर घेऊन बसली. मी म्हटलं, कॅमेरा बंद आहे, आपण कुणाला दिसत नाही. तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "दिसायचं न्हाय, बोलायचं न्हाय. मग आपण आलोय हे त्यान्ला कळणार कसं?" मी सांगितलं की आपलं नाव तिथं दिसतं. त्या नावासाठीही खटपट झाली होती, कारण आधी माझ्या नावाच्या जागी मोबाईलच्या कंपनीचं नाव होतं आणि हे कोण म्हणून विचारून कोर्टाकडून लिंक सांभाळणाऱ्या बाईंनी मला बाहेर काढलं होतं. नाव लिहून पुन्हा आत गेले. दुपारपर्यंत दुसऱ्यांच्या केसेस चालल्या. आई प्रत्येक वेळी विचारायची, आपली का? मी म्हणायची, अजून नाही.

बसल्या बसल्या मला आपल्या इथल्या कोर्टातला तो दिवस आठवत राहिला. रंगाच्या कारखान्यातला हौद साफ करायला मालकानं दादाला दोर न देता उतरवलं आणि तो वर आलाच नाही. त्या मालकावरची केस तुम्ही नोकरी करत होता त्याच इमारतीत उभी राहिली. तुम्ही साहेबांकडे विनंती करून दुसऱ्या कोर्टात ड्युटी मागून घेतली होती. पण त्या दिवशी तिथला शिपाई रजेवर आहे आणि तुम्हालाच दारात उभं केलंय. मी मागच्या बाकावर बसले आहे. तुम्ही मालकाचं नाव पुकारता, रोज कुणाचंही पुकारता त्याच आवाजात, तीनदा. तो माझ्या शेजारून जातो, कपड्यांना अत्तराचा वास. त्याचा वकील सांगतो की मुलगा दारू पिऊन हौदात उतरला. मी उभी राहते आणि मोठ्यानं म्हणते, "हे खोटं आहे. दादा पीत नव्हता." साहेब मान वर करतात. आणि तुम्ही, आप्पा, तुम्हीच येता, माझा दंड धरता, मला व्हरांड्यात आणून सोडता. "हितं मधी बोलायची परवानगी न्हाय," एवढंच म्हणता आणि परत दारात जाऊन उभे राहता.

दंडावर तुमची बोटं उठली होती. पुढं महिनाभर मी तुमच्याशी बोलले नाही. ताट वाढायचं, सरकवायचं, आत निघून जायचं. तुम्हीही कधी विषय काढला नाही. निकालाच्या दिवशी आई भाकऱ्या करत होती. तुम्ही चप्पल न काढताच स्वयंपाकघराच्या दारात आलात आणि म्हणालात, "सुटला." आईनं तव्यावरची भाकरी उलटली नाही, ती करपली. एवढं कोरडं कसं सांगवतं माणसाला, असं मला तेव्हा वाटलं होतं.

परवा आपली केस निघाली तेव्हा चहा गाळून होईल एवढ्यात ती संपली. सगळं इंग्रजीत. दादाचं नाव त्यांनी चुकीचं उच्चारलं, त्यामुळं आईला कळलंही नाही की आपली वेळ आली. मालकाच्या वकिलानं पुन्हा तेच सांगितलं, मयत नशेत होता. आप्पा, मी नियम मोडला. शाळेत चाळीस पोरांना शिस्त लावणारी मी, माईकचं बटण दाबलं आणि म्हटलं, "खोटं आहे." काहीच झालं नाही. बटण त्यांनी तिकडूनच बंद केलं होतं. आवाज आमच्या खोलीच्या बाहेर गेला नाही, कुणी बघितलं नाही, कुणाला उठून यावं लागलं नाही. त्या दिवशी मला गप्प करायला निदान एक माणूस चालत आला होता, आणि परत दारात उभं राहताना त्याला काय वाटलं असेल हे मी त्याला कधीच विचारलं नाही. तेव्हा विचारायला हवं होतं. पुरावा अपुरा आहे, खालच्या कोर्टाच्या निकालात बदल करायचं कारण नाही, असं साहेब म्हणाले. अपील फेटाळलं. लगेच पुढचा नंबर पुकारला.

हे लिहून मी कपाटातल्या साड्यांखाली ठेवणार आहे. आईला वाचता येत नाही, तरी ठेवणार आहे. मोबाईल बंद केल्यावर तिनं विचारलं होतं, "काय म्हनले?" मी तिच्याकडे न बघता म्हटलं, "तारीख पडली." कधीची, म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, दिवाळीनंतरची.